गोव्यातल्या परसात वांगी: हिरवंगार झाड एकाएकी माना टाकतं, काय करावं?

तांबडी_माती (फोंडा)

नमस्कार मंडळी. घरामागे जांभ्याच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून आमचं लहानसं परस आहे. चतुर्थी झाल्यावर तिथे वांग्याची रोपं लावली. शेणखत भरपूर, विहिरीचं पाणी, सकाळपासून दुपार कलेपर्यंत ऊन. झाडं कमरेपर्यंत आली, जांभळी फुलं धरली, एखाददुसऱ्या झाडावर अंगठ्याएवढी फळंही दिसू लागली. आणि मग एका दुपारी गडग्याकडच्या झाडाने माना टाकल्या. पानं पिवळी नाहीत, डाग नाहीत, कीड नाही. संध्याकाळी पुन्हा ताठ. दुसऱ्या दुपारी तेच, आणि दोन-तीन दिवसांत झाड उभ्या उभ्या वाळलं. मग शेजारचं गेलं, मग त्याच्या खालच्या अंगाचं. उतार ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला हे सरकतंय.

शेजारच्या काकी म्हणतात, पाणी कमी पडतंय. औषधांच्या दुकानात सांगितलं, बुरशी आहे. तिथलं औषध मुळाशी ओतलं, काही फरक नाही. घरात आता असं चाललंय की परसात एक लहान पॉलिहाउस उभारावं, म्हणजे असले रोग आत येणारच नाहीत.

हे नक्की काय आहे? उरलेली झाडं वाचतील का? आणि पॉलिहाउसवर खर्च करावा का? सासूबाईंना आगशी गावच्या वांग्याचे काप फार प्रिय आहेत, ते वांगं आपल्याच परसात पिकावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

---

कुळागर (सावई-वेरें)

ताई, आम्ही सुपारीला कोळेरोग येऊ नये म्हणून पावसाच्या तोंडावर मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण मारतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. घरच्यापुरतं करायचं तर दहा ग्रॅम, दहा ग्रॅम आणि एक लिटर. तेच वांग्याच्या मुळाशी ओतून पाहा. स्वस्त आहे आणि आमच्या बागांनी त्यावर पिढ्या काढल्यात.

---

पंचगंगा (कोल्हापूर, सध्या मडगाव)

आमच्या गावाकडे जून-जुलैत वांगी लावतात आणि ती छान येतात. तुम्ही उशिरा लावलीत असं वाटतं. पुढच्या वर्षी मृगाच्या पावसावर लावा, झाड जोमात येईल. कृष्णा वाणाचं बी चांगलं, मांजरी गोटाही चालेल. भरल्या वांग्याला मांजरीला तोड नाही.

---

निळा_भुंगा (म्हापसा)

तांबडी_माती ताई, तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की निदान जवळपास झालंच आहे. तरी घरच्या घरी खात्री करून घ्या.

नुकतंच माना टाकलेलं, पण अजून हिरवं असलेलं झाड निवडा. जमिनीलगत खोड कापा आणि बोटाएवढा तुकडा घ्या. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी भरून तो तुकडा दोऱ्याने असा टांगा की खालचं टोक पाण्यात बुडेल. ग्लास हलवू नका, मागे काळा कागद धरा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धागे खाली उतरताना दिसले, तर तो जीवाणूजन्य मर रोग. धागे दिसले नाहीत तर बुरशीची मर, सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) किंवा वाळवी यांचा विचार करावा लागेल. बुरशीच्या मरीत खालची पानं आधी पिवळी पडतात, कित्येकदा झाडाच्या एकाच अंगाला, आणि सगळं सावकाश होतं. सूत्रकृमी असतील तर मुळं उपटल्यावर मण्यांसारख्या गाठी दिसतात. वाळवी असेल तर जमिनीलगतची साल खाल्लेली आणि मातीने लिंपलेली असते.

ग्लासात काय दिसतं ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.

---

तांबडी_माती (फोंडा)

सर, आत्ताच करून पाहिलं. तुकडा बुडवल्यावर पहिली एक-दोन मिनिटं काहीच नव्हतं. मग कापलेल्या कडेवरून बारीक पांढरट धागा निघाला, सरळ खाली गेला आणि ग्लासाच्या तळाशी पसरला. मग आणखी दोन-तीन. थोड्या वेळाने अख्खं पाणी गढूळ झालं. मुलगा शेजारी उभा राहून बघत होता, त्याने चांगल्या झाडाची फांदी कापून दुसऱ्या ग्लासात टांगली. ते पाणी अजून स्वच्छ आहे.

म्हणजे पाणीही कमी नव्हतं आणि बुरशीही नव्हती.

---

निळा_भुंगा (म्हापसा)

मुलाचं कौतुक करा. चांगल्या झाडाशी ताडून पाहणं हीच खरी रीत.

हा राल्स्टोनिया सोलानासिअरम नावाचा जीवाणू. तो मातीत राहतो. खुरपणीत मूळ तुटतं, सूत्रकृमी मुळाला भोक पाडतो, किंवा नवी मुळं फुटताना जी नैसर्गिक फट राहते, तिथून तो आत शिरतो. मुळातून पानांकडे पाणी नेणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि त्या चिकट द्रवाने भरून टाकतो. जमीन ओली असूनही झाड तहानेने मरतं ते यामुळे. दुपारी पानांची मागणी जास्त, म्हणून तेव्हा माना पडतात. रात्री मागणी कमी, म्हणून पहाटे झाड ताठ दिसतं आणि आपण फसतो. अशा वेळी जास्त पाणी घातलं तर तेच पाणी जीवाणूला शेजारच्या झाडाकडे घेऊन जातं. तुमच्याकडे रोग उताराच्या दिशेने सरकतोय, त्याचं कारण हेच.

उष्ण दमट हवा, आम्लधर्मी माती आणि साचलेला ओलावा या तिन्ही गोष्टी त्याला मानवतात, आणि गोव्यात तिन्ही आहेत. त्यामुळे आपल्याकडे वांग्याचा प्रश्न मुळात जमिनीचा आहे. बी कुठलं, खत कुठलं, औषध कुठलं हे सगळं त्याच्या नंतर येतं. माझं हे ठाम मत आहे.

कुळागर दादा, तुमचं मिश्रण उत्तम आहे, पण त्याचं काम बाहेरच्या बाजूला चालतं. पानावर, फळावर त्याचा थर बसतो आणि बुरशीचा बीजाणू रुजत नाही. वांग्यावर फोमॉप्सिस नावाच्या बुरशीची फळकूज येते, तिथे त्याचा उपयोग होईल. हा जीवाणू मात्र झाडाच्या आत आहे, तिथवर मोरचूद पोचत नाही. एकदा माना टाकलेल्या झाडाला कोणतंही औषध वाचवत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

आत्ता एवढं करा. रोगट झाडं मुळांसकट, आजूबाजूच्या मातीच्या गोळ्यासकट उचला आणि परसाबाहेर नेऊन जाळा. खतखड्ड्यात मुळीच टाकू नका. कोयता, खुरपं धुऊन आगीवरून फिरवा. ती जागा मोकळी सोडा, आणि वरच्या बाजूचं पाणी खालच्या झाडांकडे जाणार नाही अशी चर काढा. जी झाडं उताराच्या वर आहेत ती बहुधा फळं देऊन जातील.

---

कुळागर (सावई-वेरें)

समजलं सर. आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) आल्याची रोपंही अशीच हिरवी असताना कोसळतात, तेही याच जातीचं दुखणं काय?

---

निळा_भुंगा (म्हापसा)

हो, आल्याची जीवाणूजन्य मर याच कुळातल्या जीवाणूमुळे होते. टोमॅटो, मिरची, बटाटा यांनाही हा लागतो. म्हणून जिथे वांगं मेलं तिथे टोमॅटो लावून काही साधत नाही. तिथे मका, चवळी, भेंडी, लाल भाजी असं काहीतरी घ्या. आणि झेंडू जरूर लावा, सूत्रकृमी कमी झाले की मुळांना भोकंही कमी पडतात.

---

झुवारीकाठ (आगशी)

ही चर्चा आजच पाहिली. आमच्या घरात वांगी आजेसासूबाईंच्या काळापासून आहेत, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पंचगंगा भाऊ, तुमच्या गावचा पाऊस आणि आमचा पाऊस वेगळा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, सत्तरीकडे त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जूनमध्ये उघड्या जमिनीत वांगं लावलं तर मुळं पाण्यात आणि पानं ढगाखाली. आमच्याकडे त्या काळात शेतात भात असतो. भात कापून झालं की जमीन सुकवायची, नांगरायची, सरी-वरंबे घालायचे आणि वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या हंगामात) वांगी लावायची. बी त्याआधीच, पाऊस ओसरताना, उंच वाफ्यावर टाकून ठेवायचं. लागवड साधारण नोव्हेंबरात. फळं जानेवारीपासून, पुढे उन्हाळाभर.

पावसाळाभर पाण्याखाली असलेल्या जमिनीत मागच्या वर्षीचे रोग पुष्कळसे दबतात, हे आमच्या माणसांना अनुभवाने ठाऊक होतं. भातामागे वांगं, वांग्यामागे भात. एकाच तुकड्यात वांग्यामागे वांगं कधीच नाही.

आता आगशीच्या वांग्याबद्दल. मोठं, गडद जांभळं, गर मऊ, बी कमी. काप करायला कापलं की सुरी लोण्यातून गेल्यासारखी जाते. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा आम्हाला फार आनंद झाला. पण ताई, एक खरं सांगते. हे वांगं मरीला फार नाजूक आहे. आमच्याच वाड्यावर कित्येकांनी झाडं मरतात म्हणून वांगी सोडली. जागा विकल्या गेल्या, मुलं नोकरीला गेली, ती कारणं आहेतच. तरी ज्याची जमीन शाबूत होती त्यानेही हात टेकले, ते याच रोगामुळे. म्हणून तुमच्या परसात हे वांगं जगावं असं मला वाटतं, पण सरळ रोपं आणून लावून ते होणार नाही.

---

तांबडी_माती (फोंडा)

झुवारीकाठ ताई, वाचून गलबलून आलं. आमच्याकडे भात लावायला जागा नाही, परस म्हणजे घराच्या मागची चिंचोळी पट्टी. मग आगशीचं वांगं सोडून द्यायचं का?

---

निळा_भुंगा (म्हापसा)

सोडायचं नाही. दोन वाटा आहेत, आणि मी तुमच्या जागी असतो तर दोन्ही धरल्या असत्या.

पहिली, मरीला दाद न देणारा वाण. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने 'गोवा ब्रिंजल' नावाने वाण काढले आहेत, ते इथल्याच जमिनीत या रोगाशी झुंजून निवडलेले. बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचे अर्का निधी, अर्का केशव आणि अर्का नीलकंठ, केरळ कृषी विद्यापीठाचे सूर्या, श्वेता, हरिता हेही मर सहन करतात. एक लक्षात ठेवा, या जीवाणूच्या जाती ठिकठिकाणी वेगळ्या असतात, त्यामुळे केरळात टिकलेला वाण तुमच्या परसात तसाच टिकेल असं नाही. म्हणून पहिली पसंती इथल्या वाणाला. रोजच्या भाजीची वांगी यातून होतील.

दुसरी वाट कलमाची, आणि तीच आगशीच्या वांग्यासाठी. गोव्यात रस्त्याकडेला, पडीक जागी एक काटेरी झुडूप दिसतं. पांढरी फुलं, वाटाण्याएवढ्या हिरव्या फळांचे घोस. तमिळ लोक ज्याचं सुंडक्काय खातात तेच. शास्त्रीय नाव सोलॅनम टॉर्वम. वांग्याचंच भावंड आहे, पण त्याची मुळं मर रोगाला आणि सूत्रकृमींना सहजासहजी दाद देत नाहीत. खाली ते, वर आगशीचं वांगं. फळ आगशीचंच मिळतं, चव बदलत नाही.

रीत अशी. टॉर्वमचं बी उगवायला आणि वाढायला मंद, म्हणून ते वांग्याच्या तीन-चार आठवडे आधी टाका. दोन्ही रोपांची खोडं उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडी जाड झाली की कलम करा. दाढीचं नवं पातं घ्या. खालच्या रोपाचा शेंडा दोन-तीन पानांवर आडवा कापा आणि खोडाच्या मधोमध अर्धा-पाऊण इंच उभी चीर द्या. वांग्याचा शेंडा कापून घ्या, त्याची मोठी पानं निम्मी छाटा, खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं करा आणि चिरेत बसवा. दोघांची साल निदान एका बाजूने तरी जुळली पाहिजे, सगळा खेळ त्यावर आहे. वर कलमाची सिलिकॉन क्लिप लावा, नसेल तर कलमाची पट्टी गुंडाळा.

पुढचा आठवडा कसोटीचा. रोप सावलीत, आतून ओलसर ठेवलेल्या झाकणाखाली ठेवायचं. प्लास्टिकचा पारदर्शक डबा उलटा घातला तरी चालतो. पाच-सहा दिवसांनी झाकण रोज थोडं थोडं उघडत जा. शेंडा तजेलदार राहिला आणि नवं पान सुटलं की कलम धरलं.

---

पणजी_गच्ची (पणजी)

सरांच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. मी गच्चीवर कलमी वांगी लावते, त्यात दोन गोष्टींची भर घालते.

लावताना कलमाचा जोड मातीच्या वर किमान चार बोटं राहिला पाहिजे. जोड मातीत गेला तर वरच्या वांग्याला स्वतःची मुळं फुटतात, ती थेट मातीत जातात आणि रोगाला वाट मिळते. पाऊस माती उडवतो, आपण भर घालतो आणि नकळत जोड बुजतो, तेव्हा अधूनमधून वाकून पाहत जा.

दुसरं, जोडाखालून काटेरी फुटवे येतात. ते दिसताक्षणी खुडा. ठेवले तर महिन्याभरात वांगं मागे पडतं आणि काटेरी झुडूप माजतं.

---

सुगरण_म्हापसा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आगशी-ताळगावची वांगी घेताना मी देठ आणि चकाकी बघते. साल चकचकीत, अंगठ्याने हलकं दाबलं की खड्डा लगेच भरून यावा. साल निस्तेज झाली की आत बी तपकिरी आणि चव कडवट. परसातल्या फळालाही हेच लावा, मोठं होऊ दे म्हणून झाडावर ठेवू नका.

काप करताना मीठ लावून थोडा वेळ ठेवा, सुटलेलं पाणी पुसा, हळद-तिखट-हिंग लावून रव्यात घोळवा, तव्यावर मंद आचेवर. मांसाहारी घरात लहान काटेरी वांग्यात सुकी सुंगटं (कोळंबी) घालून केलेलं तोंडाक (तोंडीलावणं) हवंच हवं.

---

सत्तरीकर (वाळपई)

माझा प्रश्न थोडा वेगळा. झाडं जगतात, पण कोवळे शेंडे सुकतात आणि फळ कापलं की आत अळी. फवारून थकलो. आणि माकडं आहेतच.

---

निळा_भुंगा (म्हापसा)

ही शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. पतंग लहान, पांढरट, पंखांवर तपकिरी डाग. मादी कोवळ्या पानांवर, शेंड्यावर, कळीवर अंडी घालते. अळी बाहेर येताच काही तासांत शेंड्यात किंवा फळात घुसते आणि आपली भोकाची वाट विष्ठेने बुजवून टाकते. आत गेल्यावर फवारा तिला शिवत नाही. म्हणूनच लोक फवारत राहतात आणि अळी खात राहते. आज फवारलेलं फळ उद्या पोरांच्या ताटात जातं, याचा मला फार त्रास होतो.

परसातल्या थोड्या झाडांना हाताने आवरता येते. सुकलेला शेंडा दिसला की भोकाच्या इंचभर खालून कापा. चिरून पाहिलात तर गुलाबीसर अळी सापडेल. शेंडे आणि किडकी फळं साबणाच्या पाण्यात बुडवा, खाली टाकू नका, अळी बाहेर पडून मातीत पालापाचोळ्यात कोष करते. हे आठवड्यातून एकदा तरी, न चुकता. जोडीला कामगंध सापळा, त्यात या किडीचीच गोळी हवी, दुकानात 'ल्युसी ल्यूर' म्हणून मागा. त्यात नर अडकतात. शेजारच्या दोन-तीन परसांनी मिळून लावले तर फरक जास्त दिसतो, कारण शेजारून नराशी मीलन झालेली मादी उडून येतेच.

निंबोळी अर्क पाच टक्के, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवून गाळलेला, संध्याकाळी फवारा. तो तुडतुडे आणि पांढऱ्या माशीलाही धाक देतो. तुडतुड्यांकडे दुर्लक्ष करू नका, ते पर्णगुच्छ रोग पसरवतात. पानं बारीक, झाडू फुटल्यासारखं झुडूप, फुलं हिरवी आणि फळ नाही असं झाड दिसलं तर ते उपटाच. ते कधीच सुधारत नाही.

माकडांवर माझ्याकडे उपाय नाही. जाळी हाच एक.

---

सत्तरीकर (वाळपई)

धन्यवाद सर. जाळीच करतो, माकडं आणि पतंग दोघांनाही.

---

निळा_भुंगा (म्हापसा)

जाळी जरूर करा, पण मग फळधारणेकडे लक्ष द्या. वांग्याचं फूल परागकण सहज सोडत नाही. त्याचे पिवळे परागकोष नळीसारखे असतात आणि टोकाला बारीक छिद्र. काळा भुंगा फुलाला धरून पंखांचे स्नायू जोरात थरथरवतो, त्या कंपनाने पराग बाहेर पडतो. मधमाशीला ते जमत नाही. वारा थोडंफार काम करतो, पण चारही बाजूंनी जाळी लावलीत तर वाराही मंद आणि भुंगाही बाहेर. तेव्हा सकाळी झाडाला बोटाने टिचक्या मारा किंवा विजेवर चालणाऱ्या दात घासायच्या ब्रशचा मागचा भाग फुलाच्या देठाला लावा. पिवळी धूळ उडताना दिसेल.

फुलं गळतात अशी तक्रार सगळेच करतात. एक फूल हातात घेऊन पाहा. मधला हिरवा दांडा परागकोषांच्या वर आलेला असेल तर ते फळ धरेल. दांडा आत बुडालेला असेल तर ते फूल गळणारच, त्यासाठी टॉनिक घालू नका. अशी आखूड दांड्याची फुलं फार दिसू लागली तर झाडावरची तयार फळं काढा आणि खत द्या, झाड थकलेलं असतं.

---

तांबडी_माती (फोंडा)

इतकं सगळं एका जागी मला कुठेच मिळालं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. आता पॉलिहाउसचं सांगा. घरचे अजून त्यावर अडून आहेत.

---

पणजी_गच्ची (पणजी)

पूर्ण बंद पॉलिहाउस गोव्यात वांग्यासाठी नको, असं मी स्पष्ट सांगेन. आपल्याकडे थंडी नाहीच. जानेवारीत पहाटे पारा वीसच्या आसपास, तेवढं वांग्याला छान चालतं. बंद प्लास्टिकखाली मार्चपासून आतली हवा पस्तीसच्या पुष्कळ वर जाते, पराग निकामी होतात आणि फुलं गळतात. पावसाळ्यात आत इतका दमटपणा साठतो की कोळी, पिठ्या ढेकूण, फळकूज सगळे मुक्कामाला येतात. आणि मुख्य म्हणजे रोग जमिनीतला आहे, त्याला वरचं छप्पर काय करणार?

आपल्याला हवं ते पावसाचं छप्पर. वर अतिनील किरणांत टिकणारी दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म, दोन्हीकडे उतार, बाजू उघड्या. किडीचा त्रास फार असेल तर बाजूंना चाळीस मेशची जाळी. सांगाडा बांबूचा किंवा लोखंडी नळीचा, समुद्राजवळ असाल तर गंज न धरणाऱ्या नळीचाच. मी त्याखाली मोठ्या पिशव्यांत लावते. नारळाचा भुसा, शेणखत आणि विकत घेतलेली स्वच्छ माती, परसातली माती अजिबात नाही. प्रत्येक झाडाला स्वतःची पिशवी, त्यामुळे एक झाड गेलं तरी रोग पाण्यासोबत दुसऱ्याकडे जात नाही. पिशवी विटांवर ठेवा, थेट जमिनीवर नको, नाहीतर मुळं खालच्या भोकांतून मातीत उतरतात.

अशा छपराखाली जून-जुलैतही वांगी मिळतात. बाजारात तेव्हा सगळी घाटावरून आलेली असतात.

---

झुवारीकाठ (आगशी)

ज्यांच्या घरी चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं त्यांना पावसाळ्यात तशीही घाई नाही. चंपाषष्ठीनंतर पहिलं भरीत, तोवर वायंगणातली झाडं फुलावर येऊ लागतात.

---

पंचगंगा (कोल्हापूर, सध्या मडगाव)

इथल्या पावसाचा मुद्दा पटला. मीही आता ऑक्टोबरातच बी टाकेन. मातीला चुना किती घालावा? जांभ्याची माती आम्लधर्मी असते म्हणतात.

---

निळा_भुंगा (म्हापसा)

अंदाजाने घालू नका. माती तपासून घ्या, तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात नमुना कुठे द्यायचा ते सांगतील. वांग्याला साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान सामू (पीएच) चालतो. त्यापेक्षा फार खाली असेल तर कृषी चुना किंवा डोलोमाइट लागवडीच्या तीन-चार आठवडे आधी मिसळा, शेणखताबरोबर एकाच दिवशी नको, नत्र उडून जातं. खुबे-तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा चांगला, पण फार सावकाश विरघळतो.

ताई, तुमच्या मोकळ्या झालेल्या जागेसाठी आणखी एक. एप्रिल-मे महिन्यांत वाफा भरपूर भिजवा, त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने गाडा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. वरच्या थरातले जीवाणू, सूत्रकृमी, तणाचं बी उन्हाने पुष्कळ कमी होतात. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच. खोलवरचं सगळं मरत नाही, म्हणून यानंतरही कलमी रोपच लावायचं.

---

तांबडी_माती (फोंडा)

मग आमचं असं ठरलं. रोगट झाडं आज काढून जाळली, चर खणली. खालच्या अंगाला या वर्षी मका आणि चवळी, उन्हाळ्यात प्लास्टिक. पॉलिहाउसचा विषय मिटला, त्याऐवजी गडग्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी थांबत नाही तिथे फूटभर उंच वाफे आणि थोड्या पिशव्या. तिथे आधी गोवा ब्रिंजल. आगशीचं वांगं कलमावर, पुढच्या वायंगणात. टॉर्वमचं झुडूप आमच्या रस्त्याच्या वळणावरच आहे, मुलाने पांढरी फुलं बघून ओळखलं. पिकलेली फळं घेऊन बी काढू ना?

आणि झुवारीकाठ ताई, आगशीचं खरं बी कुठे मिळेल? रोपवाटिकेतलं कोणतं खरं ते मला कळणार नाही.

---

निळा_भुंगा (म्हापसा)

हो, फळं पिवळसर होऊ द्या, कुस्करून धुवा, सावलीत वाळवा. ताजं बी उगवायला कुरकुरतं, म्हणून थोडे आठवडे ठेवून मग टाका, आणि गरजेपेक्षा दुप्पट टाका. झुडपावर काटे आहेत, मुलाला हातमोजे द्या.

---

झुवारीकाठ (आगशी)

ताई, बी मी देते. आमच्याकडे उन्हाळ्यात बियाण्याची फळं ठेवलेली असतात. निरोगी, सरळ वाढलेल्या झाडावरचं बिनकिडीचं फळ राखायचं, पिवळट-तपकिरी होऊन मऊ पडेपर्यंत झाडावरच. मग चिरून पाण्यात चोळायचं, तळाला बसेल ते बी घ्यायचं, तरंगेल ते टाकून द्यायचं, आणि सावलीत कापडावर वाळवून बरणीत भरायचं.

एवढं मात्र करा. तुमच्या परसात गोवा ब्रिंजलही असणार. भुंगा एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि बी मिसळतं. ज्या फुलाचं फळ बियाण्याला ठेवायचंय ते उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी मलमलच्या लहान पिशवीत बांधा, सकाळी पिशवीवरूनच टिचकी मारा, फळ धरलं की पिशवी सोडा आणि देठाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे काप करायला कोणी ते तोडणार नाही. तुमचा पत्ता मला निरोपात कळवा.